शेखर भैयांची तयार बॅग

आमच्या ऑफिसातून कोणीही परदेशी निघालं की त्याची वाट दोन टेबलांवरून जायची. पहिलं टेबल माझं. तिकीट, व्हिसा, हॉटेल, "खिडकीजवळची सीट नाही मिळाली का, पूर्णिमा दीदी?" ही सगळी रड माझ्याकडे. दुसरं टेबल शेखर भैयांचं. शेखर भैया म्हणजे आमचे कॉम्प्युटरवाले. त्यांचा हुद्दा लांबलचक इंग्रजी होता, तो त्यांच्या बायकोलाही पाठ नव्हता. निघणाऱ्याचा लॅपटॉप तपासून झाला की ते टेबलाचा खालचा खण उघडायचे आणि ज्या देशात जायचं तिथल्या भिंतीत बसेल असा प्लगचा अडॅप्टर काढून त्याच्या हातावर ठेवायचे. "केनियात चौकोनी पिना लागतात, हा घ्या. वापस आणजा बरं."

नेलेली छत्री परत न करणारी माणसंही अडॅप्टर मात्र परत आणायची. नव्या देशाचा मिळाला तर तोही आणून द्यायची. खण भरत गेला. सगळं जग त्या खणात होतं आणि भैया स्वतः नागपूर आणि दिल्ली सोडून कुठे गेले नव्हते. मला याचा राग यायचा. त्यांना यायचा नाही, म्हणून मला जास्त यायचा.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शंकरनगरच्या भाड्याच्या बंगल्यांवर मोठमोठ्या संस्थांच्या पाट्या लागल्या. आमची संस्था तशीच आली. बाळांचं वजन, गावचं पाणी, शाळेतल्या मुली, असली कामं. देशाचं मुख्य ऑफिस दिल्लीत, इथे राज्याचं. भैया त्याआधी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होते. तिथून येताना त्यांनी एकच हत्यार आणलं, रंगाऱ्याचा ब्रश. रायपूरची काळी धूळ कॉम्प्युटरच्या पंख्यात बसते, ती ते त्या ब्रशानं झाडायचे. वडील यशवंतराव रेल्वेत गार्ड, मूळचे गोंदियाचे. घर चौबे कॉलोनीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. म्हणून मला त्यांच्या घरातलंही सगळं ठाऊक आहे, आणि जे ठाऊक नव्हतं ते वनमाला वहिनींनी सांगितलं आहे.

माणूस कसा होता ते एका गोष्टीवरून सांगते. एकदा माझ्या स्क्रीनवर सगळं उलटं दिसायला लागलं, खाली डोकं वर पाय. मी आरडाओरडा करून अर्धं ऑफिस गोळा केलं. भैया आले, कीबोर्डवर आडवी पडलेली माझी फाइल हळूच उचलली, दोन बटणं दाबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनच खराब आहे." माझी लाज त्यांनी झाकली. त्यांच्या धंद्यातलं निम्मं काम हेच होतं.

आता मूळ गोष्ट. जगात कुठे भूकंप, पूर, वादळ झालं की आमची संस्था पहिल्या तुकडीबरोबर एक फोन-इंटरनेटचा माणूस पाठवते. तंबू उभे राहतात, पण बोलणं सुरू झाल्याशिवाय कुठे किती माणसं अडकली आहेत तेच कळत नाही. त्यासाठी जगभरच्या ऑफिसांतून निवडलेल्या माणसांची एक यादी असते, तिला रोस्टर म्हणतात. बोलावणं आलं की त्यात नाव असलेल्यानं तीन दिवसांत निघायचं. भैयांनी परीक्षा दिली, दिल्लीला शिकून आले, आणि त्यांचं नाव लागलं. एक निळं, बिनबाह्यांचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट मिळालं, पाठीवर संस्थेचं नाव. त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले.

"पोट्टा झाला का, भैया?" मी विचारलं. "या वयात?" असंही विचारलं. ते कानापर्यंत लाल झाले.

त्याच संध्याकाळी पंडरीच्या कापडबाजारात जाऊन त्यांनी मोठी बॅग घेतली आणि ऐन मे महिन्यात जाड लोकरी कोट घेतला. दुकानदार भैय्यालालनं तो माळ्यावरून शोधून काढला आणि वर विचारलं, "साहब, तबीयत तो ठीक है ना?" कुठे बोलावतील काय सांगावं, बर्फातही बोलावतील, असा भैयांचा हिशेब. बॅग भरून कपाटाशेजारी उभी राहिली. तेव्हापासून ती तिथेच. दर दिवाळीला कपडे बाहेर काढून उन्हात टाकायचे, परत भरायचे. पासपोर्ट कोराच्या कोरा संपला, दुसरा काढला, तोही कोरा. रोस्टरमध्ये ज्या महिन्यात त्यांची पाळी असेल त्या महिन्यात भैया नागपूरच्या लग्नालाही जायचे नाहीत. बोलावणं आलं तर?

वनमाला वहिनी त्या बॅगेला सवत म्हणायच्या. केर काढताना तिच्याभोवतीनं झाडू फिरवायच्या आणि पुटपुटायच्या. एकदा मी तिथे पोहे खात बसले होते, तेव्हा त्यांचा तोल सुटला.

"समुद्रच पाहाचा आहे ना तुमाले? मंग पुरीले चला. रात्री गाडीत बसलं का सकाळी समुद्र. एवढी बॅग काहून भरून ठेवली?"

भैयांनी बॅगेवरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाले, "पाह्याले नाही जायचं गं मले. मले कोणी बोलावलं पाहिजे. का शेखर, तू ये, तुह्याशिवाय आमचं अडून राहिलं."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. आम्हा सगळ्यांची कामं ज्याच्यावाचून रोज अडत होती त्या माणसाला आम्ही कधी असं म्हटलंच नव्हतं. आम्ही नुसतं ओरडायचो, "भैया, प्रिंटर!"

बोलावणं आलं. दोनदा आलं. पहिल्या खेपेला व्हिसा अडला. मी दूतावासाला एवढे फोन केले की तिथला माणूस माझा आवाज ओळखायला लागला. व्हिसा आला तेव्हा दुसऱ्या देशातला दुसरा माणूस विमानात बसून गेला होता. दुसऱ्या खेपेला व्हिसाची गरज नव्हती, तर यशवंतराव न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हातारा पलंगावरून ओरडायचा, "तू जा रे शेखर! मी काय पळून जाऊन राहिलो कुठं?" भैयांनी "येऊ शकत नाही" असं कळवलं आणि वडिलांच्या उशाशी बसून राहिले. यशवंतराव पुढच्या वर्षी गेले. आयुष्यभर हिरवी झेंडी दाखवून गाड्या सोडल्या, पण पोराची गाडी आपल्यापायी चुकली, ही खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

मग करोना आला आणि ऑफिसं घरात शिरली. त्याचा जोर ओसरला त्या सुमाराला, प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशावर वादळ आलं. दुपारी जेवताना भैयांचा फोन आला.

"दीदी, आलं."

एवढंच. मी उष्ट्या हातानं उभी राहिले. डोक्यात तिकिटं फिरायला लागली. दिल्ली, मग सिंगापूर, मग पुढचं छोटं विमान. इतकी वर्षं मी फालतू माणसांना खिडकीजवळच्या जागा मिळवून दिल्या होत्या. भैयांसाठी मी पायलटशी भांडले असते.

संध्याकाळी दुसरा निरोप आला. या वेळी प्रवास नाही. करोनाच्या धास्तीनं बेटावर अजून बाहेरचं माणूस घेत नाहीत, आणि तसंही आता सगळं दुरून करता येतं. काम घरूनच करायचं.

मी फोनवर वाट्टेल ते बोलले. याला आपल्यात उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, असंही बोलले. भैयांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण काम तं खरं आहे ना, दीदी," ते म्हणाले. "बोलावलं तं आहे."

तिथली वेळ आपल्या कितीतरी पुढे. तिकडे उजाडतं तेव्हा आपण गाढ झोपेत. म्हणून भैयांनी ठरवलं की गच्चीवरच्या खोलीत राहायचं, तिथल्याच घड्याळानं उठायचं, जेवायचं, झोपायचं. वहिनींनी मला दिवेलागणीला बोलावून घेतलं. मी पोचले तर भैया बैठकीत उभे. अंगात निळं जाकीट, पायात बूट, हातात ती बॅग. मला हसू फुटणार होतं, पण वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते ओठावरच विरलं.

त्या स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आल्या. दही-साखर.

"हात करा पुढं."

"अगं, वरच तं जाऊन राहिलो."

"बाहेरगावी जाऊन राहिले ना? मंग हात करा."

भैयांनी हात पुढे केला. वहिनींनी तळव्यावर दही घातलं. त्यांनी ते खाल्लं, यशवंतरावांच्या फोटोला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो." निघताना जातो म्हणू नये, हे त्यांनी तेव्हाही पाळलं. मग जिना चढायला लागले. बॅग पायरीपायरीला आपटत होती. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत वहिनी खाली जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"गेली सवत एकदाची," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

ते काही आठवडे भैया खरोखरच घरात नव्हते. वहिनी ताट झाकून दारापाशी ठेवायच्या, उष्टं ताट घेऊन खाली यायच्या. कोणी विचारलं तर "ते नाहीत" म्हणायच्या. एका रविवारी सकाळी त्यांनी चहाचा कप माझ्या हातात देऊन मला वर पाठवलं.

खोलीत भैया लॅपटॉपसमोर बसले होते, जाकीट अंगात. तिकडे दुपार कलली होती. पडद्यावर लोसा नावाची एक जाडजूड, हसरी बाई होती, तिथल्या दवाखान्यांची कामं बघणारी. शेवटचा दवाखाना जोडायचा राहिला होता. भैया आपल्या सावकाश इंग्रजीत तिला सांगत होते, "घाबरू नका, काही गेलं नाही. आता बंद करा. थांबा. आता चालू करा." थोडा वेळ काहीच झालं नाही. मग लोसाच्या मागे एकदम गलका उठला. लागलं! तिथल्या नर्सचा मोठ्या इस्पितळाशी फोन लागला होता. लोसा रडत-हसत म्हणाली, तुमच्यावाचून आमचं सगळं अडलं होतं, एकदा या इकडे, तुम्हाला मासे खाऊ घालते.

भैयांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "एक काम कराल? तुमच्या भिंतीतला प्लग मला दाखवाल?"

तिला वाटलं काही बिघडलं. तिनं कॅमेरा भिंतीजवळ नेला. वादळाच्या पाण्यानं भिंतीला डाग पडले होते. त्या डागांच्या मध्ये प्लगची जागा होती. वर दोन तिरप्या फटी, खाली एक सरळ. भैयांनी बॅगेचा बाजूचा कप्पा उघडून एक अडॅप्टर काढला आणि पडद्यासमोर धरला. दोन तिरप्या पिना, एक सरळ.

"हा आहे माझ्यापाशी," ते तिला मराठीत म्हणाले. "कवाचा आहे."

तिला काही कळलं नाही, तरी तिनं हसून मान हलवली. माझ्या हातातला चहा गार होऊन गेला. मला नुसतं रडू येत होतं.

काम संपलं. संस्थेनं आभाराचं पत्र पाठवलं, आणि त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. निवृत्तीला वर्ष उरलं की यादीतून नाव काढतात, तसं भैयांचं नाव काढलं होतं. आता बोलावणं यायचं नव्हतं. हे भैयांना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

मी भेटायला गेले तर वहिनी अंगणात कपडे धूत होत्या. सगळी बॅग त्यांनी रिकामी केली होती. एकही कपडा अंगाला लागलेला नव्हता, तरी सगळे धुतले, पिळले, दोरीवर टाकले. तो लोकरी कोटसुद्धा. त्यातून पाणी ठिबकत होतं. भैया पायरीवर चहा पीत बसले होते.

शेजारच्या दयारामनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "भाभी, भैया कहीं बाहर गए थे क्या?"

मी खाली बघितलं.

"हव," वहिनी चिमटा लावत म्हणाल्या. "बहुत दूर गए थे. उनके बिना काम रुका था वहाँ. कल ही लौटे हैं."

दयाराम आत गेला. भैया कप हातात धरून त्या ओल्या कोटाकडे बघत होते.

"वाळले का भरून ठेवजो सगळे," ते म्हणाले.

"भरते," वहिनी म्हणाल्या. "कोट वर ठेवू का खाली?"