यमू वर्गात का चावायची

हेडमास्तरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "फक्त सही करा, डॉक्टरबाई. मजकूर मी लिहूनच आणलाय."

मजकूर असा होता: यमुना ही मुलगी जन्मतः मंदबुद्धी असून शाळेत बसवण्यास अयोग्य आहे.

महाराजांनी बडोद्यात शिक्षण सक्तीचं केलं होतं. मुलीचं नाव पटावरून काढायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. मी सरकारी दवाखान्यात बायकामुलांची डॉक्टर होते. शाळेचं इन्स्पेक्शन जवळ आलं होतं आणि हेडमास्तरांना यमू पटावर नको होती.

"करते काय ती?"

"वर्गात पेंगते. उठवलं की चावते. एका मुलीच्या हाताचं रक्त काढलं. छडीनंसुद्धा सुधारत नाही."

यमू आईला टेकून दवाखान्याच्या बाकावर बसली होती. असेल सातेक वर्षांची. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं. भर सकाळी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि ती घोरू लागली. मी तिचा तळहात उलटा करून पाहिला. वळ होते. माझं डोकंच फिरलं.

"रात्री झोपते का नीट?" मी आईला विचारलं.

आईनं आधी मास्तरांकडे पाहिलं. "कुठली झोप, डॉक्टरबाई! रात्रभर घोरते. मधेच श्वास अडकतो, मग घाबरून उठून बसते. अंथरूण ओलं करते. घरचे म्हणतात, मुद्दाम करते."

"हे शाळेत सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय?"

मी यमूला जागं केलं, मागे उभी राहून हळू हाक मारली. तिनं मान वळवली नाही. मग चमच्यानं जीभ दाबून घसा पाहिला. दोन्ही टॉन्सिल सुपारीएवढे सुजलेले. नाकाच्या मागेही अशीच मांसाची वाढ होते, तिला अॅडिनॉइड म्हणतात. ती फुगली की नाक बंद होतं, कानांनाही दडे बसतात. आडवं झाल्यावर श्वासाची वाट आणखी आवळते. श्वास अडला की मूल दचकून जागं होतं, रात्रभर. झोप न झालेलं लहान मूल नुसतं पेंगत नाही. ते चिडतं, मारतं, चावतं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "हिला ऑपरेशन हवंय."

मास्तर कागद घेऊन थेट आमच्या सिव्हिल सर्जनसाहेबांकडे गेले. साहेबांनी मला बोलावलं.

"बाई, एका सहीसाठी शाळाखात्याशी वाकडं कशाला?"

"साहेब, आधी तिच्या घशात बघा. मग मला हवं ते बोला."

ते कुरकुरत उठले. पाहिलं. मग तळहातावरचे वळ पाहिले. "या मुलीला छडीनं मारलं?" एवढंच म्हणाले.

ऑपरेशन त्यांनीच केलं, क्लोरोफॉर्म मी दिला. पण तोवर मास्तरांनी गावातल्या एका खाजगी डॉक्टरची सही मिळवून यमूचं नाव कापलंसुद्धा होतं.

काही आठवड्यांनी आई तिला घेऊन आली. यमू आता रात्री तोंड मिटून झोपत होती. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "तुमच्या बाटलीत काय आहे?" आईनं तिला दटावलं आणि मग स्वतःच पदरात तोंड लपवून रडली.

शाळेत परत घ्यायला मास्तर तयार होईनात. "मंदबुद्धी बरी झाली, असं लिहून द्या," म्हणाले.

मी लिहिलं: ही मुलगी मंदबुद्धी कधीच नव्हती. तिचा श्वास कोंडत होता आणि त्यासाठी शाळेनं तिला मारलं. खाली माझी सही, त्याखाली साहेबांची.

मास्तरांनी तो कागद वाचला, लाल झाले आणि तो शाळाखात्यापर्यंत जाऊ नये म्हणून तिला घेतलं. इन्स्पेक्शनला तिनं पाढे न अडखळता म्हटले. मास्तरांनी इन्स्पेक्टरांना सांगितलं म्हणे, "आमच्या शिस्तीचा परिणाम." हे मला कळलं तेव्हा हातातली इंजेक्शनची काचेची पिचकारी मी कशी फोडली नाही, देव जाणे.

तेव्हापासून 'मूल द्वाड आहे' म्हणून कोणी घेऊन आलं, की मी तक्रार करणाऱ्याला बाहेर बसवते आणि आईला आत घेते.