जेवून घे की खाऊन घे?

परवा रविवारी उमरग्यात, मोठ्या जाऊबाईंच्या अंगणात, भर मांडवात मी नवऱ्याचं नाव घेतलं. उखाण्यात. नवरा जाऊन चार वर्षं झालीत... त्यावरून जे फोन सुरू झालेत ते अजून थांबेनात. म्हणून एकदाच काय ते इथं लिहिते, प्रत्येकीला वेगळं सांगायला नको.

जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हळदीकुंकवाचं ताट फिरलं, एकेकीला आग्रह करकरून उखाणा घ्यायला लावला. माझ्यापाशी आल्यावर ताट अलगद पुढं सरकलं... शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनाही ओलांडून. अक्का मनानं वाईट नाहीत. पण रीत म्हटली की चांगल्या माणसांनाही समोरचं दिसेनासं होतं.

मला आता याची सवय झालीय.

मग अक्कांची लेक दीक्षा उठली. सोलापूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकते, प्रॅक्टिकलसाठी तिला माणसं हवी होती. एवढ्या बायका आयत्याच सापडल्या! तिनं सगळ्यांना धरलं... मलाही आणि अव्वांनाही, म्हणजे आमच्या सासूबाईंना. तिच्या प्रयोगात सवाष्ण आणि विधवा असा रकाना नव्हता.

आधी तिनं शब्द वाचले: माळ, टाळ, जाळ, गाळ, काळ, फाळ. ऐकून लगेच म्हणायचे. सगळ्यांची भंबेरी उडाली. एकीनं तर मधेच डाळ घातली, जी नव्हतीच.

मग दुसरे शब्द: वाट, रस्ता, सडक, मार्ग, पायवाट. हे लगेच म्हणताना कुणी फारसं अडखळलं नाही. दीक्षा म्हणाली, आता गाणी म्हणा, चहा घ्या, नंतर परत विचारते.

चहानंतर विचारलं तर निराळीच गंमत. कुणी रोड म्हणालं, कुणी शेताकडची पांदण आणली. अव्वा ठामपणे म्हणाल्या, "दारी." कन्नडमध्ये दारी म्हणजे रस्ताच... पण पोरीनं तो शब्द उच्चारलासुद्धा नव्हता. हसून हसून पुरेवाट झाली.

दीक्षा म्हणाली, "हसू नका, असंच होत असतं. ऐकल्या ऐकल्या डोकं आवाज धरून ठेवतं, म्हणून माळ अन् टाळ एकमेकांत गुंततात. वेळ गेला की आवाज गळून पडतो, अर्थ तेवढा राहतो. म्हणून सडकेचा रोड होतो."

सगळ्या हसत होत्या आणि मी हसता हसता थांबले.

कारण सांगते. हे टेम्पो चालवायचे. शेवटचा फोन हैदराबादहून परत येताना केला... उशीर होईल, वाट बघू नको, असं म्हणाले. आणि मग? "जेवून घे" म्हणाले की "खाऊन घे"? आमच्या घरात कन्नडही चालतं, मग "ऊटा माडु" म्हणाले का? त्यानंतर वाटेतच छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

चार वर्षं मी तो शब्द शोधतेय. त्यांचा आवाजही आता कानात नीट येत नाही. ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचं शेवटचं वाक्य धड आठवू नये, कसली बायको मी... असं मनात यायचं आणि रात्रीचं अन्नच नको व्हायचं. चहा-बिस्किटावर भागवायचे.

आणि ही कालची पोर सहज सांगून गेली की शब्द गळतो, अर्थ राहतो. म्हणजे मी काहीच हरवलं नव्हतं. मी उपाशी राहू नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते माझ्याकडं जसंच्या तसं होतं.

मग मात्र मला राग आला. माणूस माझ्यात एवढा शाबूत आहे आणि त्याचं नाव घ्यायला मला बंदी? घातली कुणी? मी उभीच राहिले. म्हटलं, "अक्का, माझा उखाणा राहिलाय."

अक्का कसनुशा झाल्या. "आता कशाला गं... लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या की. तुम्ही ऐका तर."

शब्द गेला विसरून, माया राहिली मनात,
सिद्रामरावांचं नाव घेते भरल्या अंगणात.

मांडवात कुणी पदर सावरला, कुणी मोबाईल काढला.

तेवढ्यात अव्वा खुर्चीचे हात धरून उठल्या. "थांबा गं. माझा बी राह्यलाय."

मामंजींना जाऊन तीसेक वर्षं झाली असतील. अव्वांनी लग्नातला उखाणा सुरू केला, पहिली ओळ म्हटली आणि दुसरीत अडकल्या. काही केल्या पुढचं सापडेना. मग हात झटकून म्हणाल्या, "जाऊ द्या, ओळ गेली. गुरुपादप्पा!" एवढ्या मोठ्यानं, की रस्त्यावरचा भेळवाला वळून बघायला लागला.

अक्का ताट हातात धरून आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

तर फोन करणाऱ्या बायांनो, तुम्ही विचारताय, हे शोभलं का? शोभलं. पुढच्या कार्यक्रमाला बोलावलंत तर परत घेईन. नाही बोलावलंत तर माझ्या शिलाई मशीनवर बसून घेईन, गिऱ्हाईक ऐकेल. नवरा माझा, नाव त्याचं... तुमची परवानगी आली कुठून मधे?

दीक्षा, तुझे मार्क काय पडायचे ते पडोत. काकूचं मोठं काम केलंस बघ.

त्या संध्याकाळी घरी आले आणि आधी तवा ठेवला. गरम भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. जेवून घे असेल, खाऊन घे असेल, ऊटा माडु असेल...

पोटभर जेवले.