विकतचं माहेर

"आजी, जोरात द्या ना! असा काय झोका देतात? रील मरतंय माझं!"

ही आजी म्हणजे माझी माय. साठी ओलांडलेली. अंगावर चेन लावून शिवलेली भाड्याची नऊवारी, कपाळावर कुणीतरी ब्रशनं काढलेलं कुंकू, पाय अनवाणी. झोक्यावर गॉगलवाली एक पोरगी. हातात मोबाइल, मोबाइलला काठी. माय मागून झोका ढकलत होती. दुपार टळली तेव्हापासून ढकलत होती. एक पोरगी उतरली की दुसरी चढे. रांग होती.

झोका लोखंडी कमानीला टांगलेला. कमानीवर प्लॅस्टिकची आंब्याची पानं. आणि वर मोठा फलक: खान्देशी आखाजी, समर वीकेंड स्पेशल, माहेरपणाचा खराखुरा अनुभव.

खराखुरा म्हणे.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया. तुम्ही त्या दिवशी सोनाराच्या दुकानात जाता. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेक घरी येते. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो, तिच्या सासरच्यांचा चहा पितो आणि तिला घेऊन येतो. मग लेकीनं घरात काडी हलवायची नाही. सांजोऱ्या खायच्या, आमरस ओरपायचा, निंबाच्या झाडाला दोर बांधून झोका चढवायचा आणि गाणी म्हणायची. वर्षभर सासरी वाकलेली पाठ तेवढीच सरळ होते. आमच्याकडे झोका कुणी कुणाला देत नाही. जिला चढवायचा ती स्वतः पाय मारून चढवते.

माझ्या मायला तिचा भाऊ दर आखाजीला न्यायला यायचा. आम्ही एरंडोलच्या बाजूचे. मामाचं गाव नदीपलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तरी मामा डोक्याला टोपी घालून, पिशवीत टरबूज घेऊन रीतसर यायचा. मागच्या वर्षी मामा गेला. मामाची पोरं शहाणी. त्यांनी आत्याला फोनसुद्धा केला नाही. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "भाऊ गया, माहेर गयं." एवढंच.

आणि त्याच उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला.

मी जळगावला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आखाजीला गावी गेले की बायांसोबत गाते. कुणीतरी आमच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला होता, तो पुण्यातल्या या मॅडमनं पाहिला. शनिवार-रविवारचे कार्यक्रम भरवणं हा तिचा धंदा. एका शनिवारी मातीची भांडी, दुसऱ्या शनिवारी कोकणातला फणस, तिसऱ्या शनिवारी आम्ही. फोनवर आवाज मधात बुडवलेला. "तुमच्या सगळ्या जणींना घेऊन या. आईंनाही आणा. पुण्यात माहेरपणाला या. आम्ही गाडी पाठवतो."

मी मायला जसंच्या तसं सांगितलं. माहेरपणाला या, गाडी पाठवतो. इथंच घात झाला. पुण्याच्या माणसाला हे जाहिरातीचं वाक्य. आमच्या माणसाला ते आमंत्रण. माहेरपणाला या, असं कुणी म्हटलं की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. मायनं गल्लीभर सांगितलं, "माले पुन्याहून मूळ ऊनं." मूळ म्हणजे माहेरचं बोलावणं. आणि सांजोऱ्या करायला बसली. मी म्हटलं, माय, तिथं जेवण आहे, कशाला करतेस. तर म्हणाली, "रिकामा हाते कशी जाऊ व? माहेरले जाई राह्यनी ना मी."

मोठा स्टीलचा डबा भरला तिनं. दोन तळहातांत धरून गाडीत बसली. एकदाच तिनं विचारलं, "आखाजी तं बुधवारले शे ना?" मी म्हटलं, पुण्यात शनिवारी असते. तिला ते पटलं नाही, पण माहेरी गेल्यावर वाद कोण घालतं.

पुण्यात कार्यक्रमाच्या लॉनच्या गेटवर वॉचमननं डबा घेतला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत म्हणे. मायनं त्याला समजावलं, की हे मी विकायला नाही, घरच्यांसाठी आणलंय. त्याला काही कळेना. डबा हेल्मेटांच्या रांगेत ठेवला गेला. माय मागं वळून वळून डब्याकडे बघत आत आली.

आत मॅडम होती. माहेरी गेल्यावर दारात भाकरतुकडा ओवाळतात, पायावर पाणी घालतात. मॅडमनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या हाताखालच्या पोराला म्हणाली, "या साड्या नाही चालणार. फार सिंथेटिक वाटतंय." मग त्या शिवलेल्या नऊवाऱ्या आल्या. आमच्या गावात नऊवारी नेसणारी शेवटची बाई मी लहान असताना वारली. पण मॅडमला खान्देश माहीत. आम्हाला काय माहीत.

मग चपला काढायला लावल्या. मग अक्काचा चष्मा. अक्का म्हणजे आमच्या शेजारची, ढोलकी तिच्या हातात. मॅडम म्हणाली, "चष्म्यानं सगळा लूक जातो. गावाकडच्या बायका कुठे चष्मा लावतात?" अक्का म्हणाली, "चष्मा काढी लिधा तं माले दिसी काय?" मॅडम हसली. किती गोड भाषा आहे म्हणाली, आणि चष्मा काढून त्या पोराकडे दिला. जणू आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचे डोळे अधू होत नाहीत. आमच्याकडे फक्त लूक असतो.

तिकीट काढून बाया येऊ लागल्या. प्रत्येकीच्या छातीवर मॅडमकडे कामाला असलेली पोरं बिल्ला लावत होती. पिवळा, गोल. माय चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. तिनं एक बिल्ला वाचला, दुसरा वाचला, मग मला विचारलं, "ह्या कोना माहेरवाशिणी शेतस?"

बिल्ल्यावर 'माहेरवाशीण' लिहिलं होतं.

मग ती म्हणाली, "मंग आपन कोन?"

याचं उत्तर माझ्याआधी मॅडमनं दिलं. टाळ्या वाजवत आली आणि म्हणाली, "चला, एक जण झोक्याच्या मागे, बाकीच्या गायला. आजी, तुम्ही मस्त दिसताय, तुम्ही झोक्यावर. म्हणजे झोक्यामागे हं." माझ्या हातात माइक. "गोड गोड घ्या. आरडाओरडा नको, फॅमिली क्राउड आहे."

मी गायले. हे मला लपवायचं नाही. माइकवर माहेराची गाणी गात होते आणि समोर माझी माय परक्या लेकींना झोके देत होती. पुण्याच्या त्या कोवळ्या उन्हात बाया ओढणीनं वारा घेत होत्या, काय उकडतंय म्हणत होत्या. आमच्या जळगावच्या उन्हात यांना एक दुपार उभं केलं तर बिल्ल्यासकट वितळतील. पण घाम खरा फक्त माझ्या मायचा गळत होता. ब्रशनं काढलेलं कुंकू नाकावर ओघळलं होतं. ते पाहून एक जण म्हणाली, "थांबा आजी, पुसू नका, फोटो घेते."

मग ती गॉगलवाली चढली. तिचं रील काही केल्या जमेना. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी माय म्हणाली, "बेटा, जराखा दम खाऊ का? मन्हा हात भरी उनात."

पोरीनं मान वळवली नाही. काठीवरच्या मोबाइलमध्येच मायकडे बघितलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "या आजींना मराठी समजत नाही का?"

माय हसली. तेच मला सोसलं नाही. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेलेली बाई यजमानाची चूक झाकायला हसते ना, तसं ती हसली. तिला अजूनही ते माहेर वाटत होतं. मला आधी लाज वाटली. मग लाजेचीच चीड आली.

आखाजीला आमच्याकडे आणखी एक रीत आहे. मॅडमच्या फलकावर ती नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी नदीच्या या काठाला आमच्या गावच्या बाया उभ्या राहतात, त्या काठाला मामाच्या गावच्या, आणि एकमेकींना शिव्या देतात. नाव घेऊन, सात पिढ्या काढून, कमरेवर हात ठेवून. त्याला बार खेळणं म्हणतात. वर्षभर दाबलेलं सगळं त्या दिवशी बाहेर येतं. त्या दिवशी बाईच्या तोंडाला कुणी हात लावत नाही.

मी गाणं थांबवलं. झोक्यापाशी गेले. माइक तोंडाशी धरला आणि बार सुरू केला.

"व गॉगलवाली! तुन्हा सासराना मिशीले कुत्रं चाटो! तुन्हा घरनी चूलमा मांजर झोपस, आनि मन्ही मायले कामले लावस?"

मग मॅडमला घेतलं. मग त्या बिल्लेवाल्या सगळ्यांना. जे काही माझ्या आजीनं, मायनं, मामीनं नदीकाठी उभं राहून उधळलं होतं, ते सगळं मी त्या हिरव्यागार लॉनवर ओतलं. माझा गळा फाटला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी खरोखर शिव्या देत होते. जीव लावून देत होते.

आणि टाळ्या पडल्या.

काय टाळ्या! शिट्ट्या. मोबाइल वर. गॉगलवाली झोक्यावर उभी राहून नाचायला लागली. "अजून! अजून!" मॅडम धावत आली, तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस? हे तर ऑसम आहे! उद्याच्या शोला हेच सुरुवातीला घेऊ."

त्या क्षणी मला या लोकांचा तळ दिसला. यांना तुम्ही गाणं द्या, खातील. घाम द्या, फोटो काढतील. तोंडावर थुंका, लोककला म्हणून टाळ्या वाजवतील. तिकीट काढलंय ना. तिकीट काढलेल्या माणसाला शिवी लागत नाही. मला त्यांचा राग येणंच बंद झालं. रागाच्याही लायकीचे नव्हते ते.

मी माइक बंद करून गवतावर ठेवला. मायच्या हातातून झोक्याचा दोर सोडवला. म्हटलं, माय, बस झोक्यावर. तू बस. बघू कोण उठवतंय.

मायनं झोक्याकडे पाहिलं. प्लॅस्टिकच्या पानांकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती.

"आठे नही," ती म्हणाली. "हाऊ झोका मन्हा नही."

ती गवतावर बसली, भुईला हात टेकून. मी तिच्या शेजारी बसले. अक्कानं ढोलकी बाजूला सारली, त्या पोराकडून चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि तीही येऊन बसली. मग एकेक करत सगळ्याच. गाणं नाही, शिवी नाही.

लोकांनी आधी टाळ्या वाजवून बघितल्या. हाही कार्यक्रमाचा भाग असेल असं वाटलं त्यांना. मग टाळ्या विरल्या. मग कुणीतरी विचारलं, आता काय आहे? रांगेतल्या बाया चुळबुळ करू लागल्या. शिव्यांनी जे झालं नाही ते गप्प बसल्यानं झालं. मॅडमच्या आवाजातला मध आटला.

"काय प्रॉब्लेम काय आहे तुमचा? आम्ही इथं तुमची संस्कृती जिवंत ठेवायला धडपडतोय, आणि तुम्ही..."

माय उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूच. मॅडमच्या समोर उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आमनी आखाजी आमना गावले जित्ती शे, बाई. तिनी काळजी तुम्ही नका करा."

आम्ही आमच्या साड्या नेसलो, चपला घातल्या आणि निघालो. मॅडमनं गाडी द्यायला नकार दिला. गेटवर मायनं हेल्मेटांमधून डबा काढून घेतला. वॉचमनला मी म्हटलं, घ्या एक. तर मायनं माझा हात धरला. "माहेरना नावनी शे," म्हणाली. एसटी स्टँडवर तिनं डब्याचं झाकण उघडलंच नाही. गावी पोचल्यावर सरळ नदीवर गेली आणि सगळ्या सांजोऱ्या पाण्यात सोडल्या. मामाच्या गावाकडे तोंड करून उभी राहिली थोडा वेळ. त्यानंतर तिच्या तोंडी माहेर हा शब्द मी ऐकला नाही. हे त्या लोकांनी केलं. मी ते त्यांना माफ केलेलं नाही.

या उन्हाळ्यात मॅडमचा पुन्हा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. मागच्या वेळी जरा गैरसमज झाला म्हणे. यंदा लॉन मोठं आहे, आजींना झोक्यामागे उभं करणार नाही. "पण ते शिव्यांचं मात्र हवं हं. लोक अजून विचारतात."

मी म्हटलं, "नाही मिळणार."

"अगं, दोनच मिनिटं. जमेल तेवढ्या दे."

मला हसू आलं. आमच्या नदीवर बार संपला की दोन्ही काठांच्या बाया पाण्यात उतरतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात. जिची सासू काढली तिच्याच हातची सांजोरी खातात. हिला तेवढी मधली शिवी हवी होती, दोन मिनिटांची.

"मॅडम," मी म्हटलं, "गाणं तर सोडाच, माझ्या तोंडून आता तुम्हाला शिवीसुद्धा मिळणार नाही. आम्ही शिवी आपल्या माणसाला देतो."

आणि फोन ठेवला.