स्वस्त पंपाची केस

वकिलाच्या ऑफिसातल्या फायली कधी ना कधी निकाली निघतात, किस्से मात्र साचतच जातात. मी हिंगोलीला कांबळे सरांकडे ज्युनिअर आहे. मित्र भेटले की एकाच केसचे किस्से मागतात. बाहेरून येणाऱ्या स्वस्त पंपाची केस!

गोरेगावजवळच्या तांड्यावरच्या शांताबाई राठोड बॅटरीवरचे फवारणी पंप बनवून विकायच्या. पत्र्याचं शेड, हाताखाली तांड्यातल्याच चार बायका. एक दिवस त्यांनी दोन पंप आणून सरांच्या टेबलावर ठेवले. एक त्यांचा, एक परदेशी.

"साहेब, मला नुसती मोटर अन् बॅटरी जेवढ्याला पडती, त्याच्याहून कमी भावात हा अख्खा पंप विकून राहिले. असंच चाललं तर शेडला कुलूप लागंल. काही कायदा हाय का?"

मी नवीन होतो. उत्साहात बोलून गेलो, "आहे ना! स्पर्धा कायदा!"

सर म्हणाले, "वकीलसाहेब, स्वस्त विकणं गुन्हा ठरला तर अख्खा दिवाळी सेल आत जाईल!"

*

मग सरांनी नीट समजावलं. स्पर्धा कायदा लागायला विकणारा बडा पाहिजे, बाजारावर पकड असलेला. आणि दुसऱ्यांना संपवायचं म्हणून तो तोटा खाऊन विकतोय, हे दिसलं पाहिजे. इथं तर माल आणणारे ढीगभर, आणि सगळे बारके.

शांताबाई विचारात पडल्या. "म्हंजे एका मोठ्यानं मारलं तर गुन्हा. धा बारक्यांनी मिळून मारलं तर?"

"त्याला बाजार म्हणतात, ताई!"

*

दुसरा रस्ता होता. परदेशी कंपनी स्वतःच्या देशापेक्षा आपल्याकडं स्वस्त विकत असेल आणि इथल्या कारखान्यांचं त्यानं नुकसान होत असेल, तर त्या मालावर जादा कर बसवता येतो. पण अर्ज दिल्लीला, आणि तोही पंपवाल्यांनी एकत्र येऊन करायचा.

शांताबाईंनी ओळखीचे पंपवाले गोळा करून आणले. चहा झाला. शिरड शहापूरचा एकजण म्हणाला, "अर्ज करूच. पण तवर आपण एक भाव ठरवू. त्याच्याखाली कुणीच विकायचं न्हाई."

सर खुर्चीतून उठलेच. "हे मी ऐकलं नाही! असा भाव ठरवलात तर स्पर्धा कायद्याची पहिली केस तुमच्यावर!"

"आत्ता तुमीच म्हणलात ना, एक व्हा म्हणून?"

"अर्जासाठी एक व्हा. भावासाठी भांडत राहा!"

*

शांताबाईंचा भाऊ कुरुंद्याला हळद करतो. त्या त्याच्याकडं गेल्या, तर ओसरीत परदेशी पंप!

"काहून रे? बहिणीचा पंप दिसला न्हाई?"

भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, घरात मी तुझा भाऊ. दुकानात गेलो की गिऱ्हाईक."

हे सांगताना शांताबाई हसल्या. पण ऑफिसातला चहा त्यांनी त्या दिवशी तसाच ठेवला.

*

दिल्लीची सुनावणी ऑनलाइन होती. अर्जदार देशातलाच उद्योग आहे ना, हे तिकडच्या साहेबांना तपासायचं होतं. त्यांनी विचारलं, "आप डोमेस्टिक इंडस्ट्री हैं?"

शांताबाई ठसक्यात म्हणाल्या, "न्हाई जी! घर अलग है, इंडस्ट्री शेड में है!"

साहेब हसले का, ते कळलं नाही. नेटवर्क गेलं.

*

निकाल अजून लागलेला नाही. शांताबाईंचं पंप बनवणं निम्म्यावर आलं. दोन बायका सोयाबीनच्या कापणीला जायला लागल्या. उरलेल्या दोघींना घेऊन त्यांनी दुरुस्ती सुरू केली. परदेशी पंपसुद्धा!

परवा दुपारी त्या पुढची तारीख विचारायला आल्या होत्या. तेवढ्यात गोविंदशेठ आले, घामाघूम होऊन. हिंगोलीत परदेशी पंप पहिल्यांदा यांनीच आणला.

"सर, नांदेडचा एकजण माझंच मॉडेल माझ्या खरेदीहून स्वस्त विकून राहिला! माझं गोदाम भरून पडलंय. ठोका त्याच्यावर केस!"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी फायलीत डोकं घातलं.

शांताबाई बाकावर जरा सरकल्या.

"बसा शेठ," म्हणाल्या.