वाठोरेबाईंची एक रेघ

वाठोरेबाईंच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. कुणाच्या कंपासमध्ये रबर सापडलं की ते बाईंच्या पर्समध्ये जायचं आणि चौथी पास होऊन शाळा सोडताना परत मिळायचं. "चुकलं तर एक रेघ मार, वर बराबर लिही. खालचं वाचता आलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. औंढ्याजवळच्या आमच्या खेड्यात मला अक्षर त्यांनीच शिकवलं. माझी चार रबरं त्यांनी जप्त केली. पाचवं मी दप्तराच्या अस्तरात लपवलं होतं, ते तेवढं त्यांना सापडलं नाही.

पुढे मी औंढ्यात बसस्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. एका दुपारी गव्हाच्या थैलीत, टॉवेलात गुंडाळलेला जुना लॅपटॉप घेऊन त्या दुकानात आल्या. सिद्धेश्वरचं धरण बांधलं तेव्हा त्यांच्या आईनं तिथं डोक्यावर माती वाहिली होती. आईबरोबरच्या ज्या बायका अजून हयात होत्या, त्यांच्या घरी जाऊन बाई त्यांचं बोलणं ऐकत ऐकत एका बोटानं टाइप करायच्या. त्याचं पुस्तक करायचं होतं. "धरणाच्या हजेरीपटावर नुसती नावं हायत, संतोष. नावामागची बाई कुठंच न्हाई."

लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती आणि त्या मॉडेलची नवी मिळत नव्हती. मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं. बाईंची अडचण वेगळीच होती. बोलणारी म्हातारी थकली की मधेच उठावं लागायचं आणि उघडी पानं बंद करताना त्यांचा गोंधळ व्हायचा. मी ऐटीत सांगितलं, यावर शीतनिद्रेची सोय आहे. उघडं असेल ते सगळं डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होतं, वायर काढली तरी बिघडत नाही, आणि पुन्हा सुरू केलं की पान होतं तिथंच उघडतं.

पण लिनक्सवर ही सोय आपोआप लागत नाही. डिस्कवर पुरेशी जागा राखावी लागते, आणि उठताना कुठं पाहायचं ते यंत्राला सांगून ठेवावं लागतं. मी यातलं निम्मंशिम्मं केलं. झाकण मिटलं, उघडलं, पान दिसलं. वायर लावलेलीच होती. यंत्र नुसतं डुलकी घेत होतं, आणि डुलकीला वीज लागते. वायर काढून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

"बराबर चालंल ना?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के. आता सेव्ह करायची कटकटच सोडा. झाकण मिटा आणि खुशाल निघा."

त्या बायकांपैकी सिद्धेश्वर गावच्या गयाबाई दोन दुपारी बोलल्या. मधल्या रात्री लॅपटॉप त्यांच्याच फळीवर वायर लावून राहिला. दुसऱ्या दिवशी बाईंनी झाकण मिटलं, वायर काढली आणि एसटी धरली. घरी येऊन पाहिलं तर त्या दोन दुपारचं काहीच नव्हतं.

"संतोष, गयाबाई कुठं गेल्या?" दुकानात येऊन त्यांनी एवढंच विचारलं. काय झालं ते माझ्या तत्क्षणी लक्षात आलं. पण दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "बाई, तुम्ही सेव्ह करायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय. माझंच चुकलं." आणि लॅपटॉप पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागल्या.

त्याच आठवड्यात गयाबाईंना लकवा झाला, वाचा गेली, आणि महिन्याभरात त्याही गेल्या. आठवतं तेवढं लिहून काढा, असं मी बाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "ते तिचं बोलणं व्हतं. माझ्या मनानं कसं लिहू?"

त्यानंतर मी दोन दिवस बसून शीतनिद्रा नीट लावली. वायर काढली, चहा पिऊन आलो, सुरू केलं. पान होतं तिथंच उघडलं. बाईंनी विचारलं, "आता काय केलंस?" मी म्हणालो, "काही नाही, आधीही चालतच होतं." हे आठवलं की आजही मला माझी किळस येते.

पुस्तक निघालं. गयाबाईंच्या पानावर दोनच ओळी होत्या : 'गयाबाई दोन दुपारी सगळं बोलल्या. ते माझ्या चुकीनं गेलं.' खालचं पान कोरं. तीन दिवस ते पान उघडत-मिटत काढले आणि मग बाईंच्या घरी गेलो. त्यांच्यासमोर 'माझ्या' या शब्दावर एक रेघ मारली आणि वर 'संतोषच्या' लिहिलं. त्या 'जाऊ दे' म्हणतील, अशी मला लबाड आशा होती.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "रेघ एकच मारलीस, बराबर हाय. पण लई दिवस लावलेस." मग म्हणाल्या, "आता बाकीच्या प्रती. गयाच्या लेकीपासून सुरुवात कर. तिला माझ्याकडं घेऊन ये. लिहिणार न्हाई मी, पण तिच्या मायचं तिला तोंडी सांगीन. माझ्या गुडघ्यांनी आता नरसीपतुर जाणं व्हत न्हाई."

मी वाचनालयापासून सुरुवात केली. मग शाळा, मग ओळखीची घरं. नरसीला गयाबाईंची लेक कलाबाई राहायची, तिथं जायला मला रोज नवं निमित्त आडवं यायचं. लोकांसमोर रेघ मारणं जमत होतं, तिच्यासमोर मारायचा धीर होत नव्हता. बाईंनी दोनदा निरोप धाडला. मी 'या आठवड्यात' असं कळवलं. थंडीत एका पहाटे बाई झोपेतच गेल्या.

बाईंचा जलदान विधी झाल्यावर मी नरसीला गेलो. कलाबाईंनी पेटीतून पुस्तक काढून दिलं. मी रेघ मारली, वर नाव लिहिलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि तसंच माझ्यापुढं धरलं.

"मला वाचता येत न्हाई, बापू. काय लिहिलंस?"

मग सगळं तोंडानं सांगावं लागलं. वायर, दोन मिनिटं, गिऱ्हाइकं, सेव्ह. शेवटी कलाबाई कोऱ्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हायचं ते झालं. पण माय काय बोलली, ते कुणाला तरी ठावं असंल की."

"बाईंना होतं," मी म्हणालो. "तुम्हाला घेऊन ये म्हणाल्या होत्या."