कांचोच्या बाजूचं दार

स्तोयनाने बावीस वर्षं सहकारी बेकरीची पावाची गाडी चालवली, आणि तिच्या नवऱ्याने, कांचोने, आयुष्यभर शेजारी बसून ती कशी चालवायची ते तिला शिकवलं. त्याला स्वतःला चालवता येत नव्हती. बेकरीने गाडी मोडीत काढली तेव्हा दोघांनी ती विकत घेतली. आत दोन बाकं टाकली, शेगडी बसवली, कांचोने ब्रशने सायीचा रंग दिला. दर जूनला डॅन्यूबकाठच्या गावातून ती काळ्या समुद्रावर निघायची. सव्वीस उन्हाळे, एकच कॅम्प, एकच अंजिराचं झाड. चालवायची ती, हॉर्न वाजवायचा तो.

गेल्या नोव्हेंबरात कांचो गेला. रीतीप्रमाणे त्याचा फोटो छापलेली शोकपत्रकं लागली. एक घराच्या फाटकावर, एक बसथांब्यावर, आणि एक स्तोयनाने स्वतः गाडीवर चिकटवलं, त्याच्या बाजूच्या दारावर. असा कागद कुणी हाताने काढत नाही, ऊनपाऊस नेईल तेव्हाच तो जायचा. गाडी पडवीत होती, त्यामुळे कांचो तसाच टवटवीत राहिला.

एप्रिलमध्ये कॅम्पच्या नव्या मालकाचं पत्र आलं. जुन्या गिऱ्हाइकांची जागा राखून ठेवली आहे, मात्र गंजलेली, पोपडे सुटलेली गाडी आत घेतली जाणार नाही. स्तोयनाला घर खायला उठलं होतंच. अंजिराखालची माणसंही तुटली तर बोलायचं कुणाशी? शहरातल्या गॅरेजवाल्याने रंगाचा जो आकडा सांगितला, त्यात तिची पाच महिन्यांची पेन्शन गेली असती.

तेव्हा स्पास धावून आला. लष्करातला कांचोचा सोबती, सोसायटीचे ट्रॅक्टर रंगवणारा.

"ट्रॅक्टरचा हिरवा उरलाय, रोलरने मारतो," तो म्हणाला. "लांबून बघाल तर नवी नवरी, वहिनी. जवळून बघाल तर माझं थोबाड."

मजुरी म्हणून त्याने जर्दाळूच्या दारूची एक बाटली मागितली. चार दिवस गंज खरवडला, भोकं लांबीने, पुट्टीने, बुजवली, अस्तर मारून वर रंगाचे दोन हात दिले. पाचव्या दिवशी स्तोयना बघायला गेली. गाडी हिरवीगार झाली होती, रोलरच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. आणि दारावर कांचो जसाच्या तसा. त्याच्या भोवती चिकटपट्टी लावून स्पासने रंगाची कड इतकी सरळ राखली होती की बाकी कुठेच तशी नव्हती.

"हे राहिलं, भावोजी."

"वर्ष झालं नाही अजून. मी हात लावणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा."

तिनेही काढलं नाही. खरं तर तिला बरंच वाटलं.

दिवसभराची वाट. पेट्रोलपंपावर लोकांनी दाराकडे पाहून टोप्या काढल्या. कॅम्पच्या फाटकावर मालक उभा होता, तरुण, अदबशीर. त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि त्या दाराशी थांबला.

"गाडी छान झालीय, काकू. पण हे काढावं लागेल. लोक इथे सुटीला येतात."

"सव्वीस वर्षं आलाय तो इथे."

"मग पुरे झालं की." आवाज जराही न चढवता तो म्हणाला. "काढा, जागा तुमचीच आहे."

मागे थांबलेल्या गाडीने हॉर्न दिला. स्तोयना खाली उतरली. ओल्या फडक्याने तिने कागद भिजवला आणि नखाने सोलायला घेतला. कांचो कानापाशी फाटला. पोपडे सुटलेल्या सायीच्या रंगाचा चौकोन तेवढा दारावर उरला.

अंजिराखाली गाडी लागते न लागते तोच शेजारची पेन्का वाडगाभर चेरी घेऊन आली. "अगं, हिरवी? ओळखलीच नाही मी! आणि तो कुठाय? उतरल्या उतरल्या मासे आणायला पळाला?"

गावात स्तोयनाला हे कुणालाच तोंडाने सांगावं लागलं नव्हतं. फाटक सांगत होतं, बसथांबा सांगत होता. तिने सांगितलं. पेन्काच्या हातून चेरी सांडल्या. मग पेन्काचा नवरा आला, त्याला सांगितलं. मग पलीकडचे मास्तर. बोलायला माणसं हवीत म्हणून ती एवढ्या लांब आली होती, आणि दर माणसाशी तिला तेच एक वाक्य बोलायचं होतं.

ऊन उतरताना मक्याची कणसं विकणारा म्हातारा आला. लांबूनच हसत त्याने विचारलं, "आमचा हॉर्नवाला कुठाय?"

"आत झोपलाय," स्तोयना म्हणाली. "हळू बोला."