एका माणसावरून दिलेला अभिप्राय

शेती खात्याच्या पुण्यातल्या कचेरीनं मला त्या पुस्तकाबद्दल एवढंच विचारलं होतं, की नवशिक्यांना ते योग्य आहे का. उत्तरासाठी कागदाच्या खाली दोन ओळींची जागा सोडली होती. त्या दोन ओळी मी भरल्या, आणि नंतर कित्येक वर्षं त्या आठवल्या की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

पन्नाशीच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मी पौडजवळच्या एका शाळेत मास्तर होतो, वय पंचवीस. कॉलेजात संख्याशास्त्राचा एक पेपर घेतला होता. आख्ख्या मुळशी तालुक्यात हे शास्त्र शिकलेला मी एकटाच, अशी कचेरीची समजूत होती. मीही ती मोडायला गेलो नाही. शहाणपण फुकट मिरवायला मिळत असेल तर कोण सोडतो?

काम पीक-पाहणीचं होतं. भाताचं पीक किती आलं ते ठरवायला कचेरी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काही खाचरं निवडे. त्या खाचरात खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणून ठरल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच भात कापून झोडायचं आणि वजन लिहून घ्यायचं. आमच्या भागात हे दोरी-खुंट्यांचं काम एक गृहस्थ अकरा वर्षं हंगामी म्हणून करत होते. वय चाळिशीच्या पुढं, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे.

त्या वर्षी नवा हुकूम आला. संख्याशास्त्राची छोटी परीक्षा जो पास होईल त्याला कायम करणार, नापास होईल त्याला घरी बसवणार. परीक्षेसाठी मराठीत एक नवं पुस्तक तयार झालं होतं. मी ते योग्य ठरवलं तर परीक्षा त्याच उन्हाळ्यात होणार होती. अयोग्य ठरवलं तर दुसरं पुस्तक होईपर्यंत परीक्षा पुढं, आणि तोवर सगळे कामावर. पत्रात हे स्वच्छ लिहिलं होतं. मामांची भाकरी माझ्या दोन ओळींवर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुस्तक उघडलं आणि माझं डोकं फिरलं. पहिल्याच पानावर सरासरीच्या व्याख्येचं एक वाक्य नऊ ओळी चाललं होतं. सरासरी म्हणजे काय हे सांगायला लेखकानं सात पानं घेतली होती, आणि उदाहरणं क्रिकेटच्या धावांची, मोटारींच्या विक्रीची. आमच्या खोऱ्यात तेव्हा मोटार म्हणजे दिवसातून दोनदा येणारी एसटी. मी वैतागून पुस्तक भिंतीवर फेकलं, परत उचललं, परत वाचलं. वाईट याचं वाटे की मला ते समजत होतं. मग दोष पुस्तकाचा म्हणायचा, की मीच या माणसांना उगाच कमी लेखतोय? चार दिवस मी हाच घोळ घालत होतो. जेवणावरची वासना उडाली.

शेवटी ठरवलं, एका नवशिक्यालाच देऊन बघू. पुस्तक मामांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"गुरुजी, काय बी करा, पन ह्ये मला यायला पायजे," ते म्हणाले. "बापाची जिमीन धरनात गेली. आता ही दोरी गेली तर म्या हातात धरू काय?"

तीन आठवड्यांनी ते शाळेत आले. पुस्तक लाल फडक्यात बांधलेलं होतं. किती जपतायत, असं माझ्या मनात आलं. जरा डोकं चालवलं असतं तर तिथंच थांबलो असतो.

मी विचारलं, "मामा, सरासरी म्हणजे काय?"

मामांनी डोळे मिटले आणि ते नऊ ओळींचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता. मी पुढची व्याख्या विचारली. तीही आली. तिसरी, चौथी, दहावी. "पान एकवीस," मी म्हटलं, आणि त्यांनी पान एकवीस म्हटलं. अकरा वर्षं चिखलात खुंट्या ठोकणारा माणूस हे सगळं सांगतोय, मग पुस्तक अवघड कसलं? चार दिवसांचं ओझं एका क्षणात उतरलं. त्याच दिवशी मी लिहून टाकलं: 'पुस्तक नवशिक्यांना सर्वथा योग्य आहे. प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला.'

प्रयोग! एक माणूस, आणि तोही मी निवडलेला. ज्या शास्त्राच्या पुस्तकावर मी अभिप्राय देत होतो, त्याचा पहिलाच धडा मी धाब्यावर बसवला होता.

परीक्षा पुण्याला झाली. महिन्याभरानं निकाल आला आणि मामा नापास झाले. थोड्याथोडक्यानं नव्हे, साफ नापास. ते माझ्याकडं आले तेव्हा लाल फडकं हातातच होतं.

"गुरुजी, माझं कुटं चुकलं? एक अक्षर सोडलं न्हाई म्या. रोज आंगूळ करून पाटावर बसायचो. एक अध्याय पुरा झाल्याबिगर उठायचो न्हाई. तीन पारायनं केली."

त्यांनी गाठ सोडली. मुखपृष्ठावर हळदकुंकू वाहिलेलं होतं, त्याचे डाग पार आतल्या पानापर्यंत उतरले होते. मामांना पुस्तक वाचायची एकच रीत माहीत होती, पोथीची. पोथी वाचताना मधेच थांबून शंका काढत नाहीत, आणि त्यातले आकडे बदलून काही पाहावं असं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

"मग परीक्षेत काय लिहिलंत?" मी विचारलं.

"गणितं निराळीच आली. पुस्तकातली एक बी न्हवती. म्या पुस्तकातली उत्तरं लिवली, वळीनं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली आणि सकाळची एसटी धरून पुण्याच्या कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते, त्यांनी चहासुद्धा मागवला. मी सांगितलं की माझा अभिप्राय चुकला, पुस्तक नालायक आहे, परीक्षा रद्द करा. त्यांनी फाइल काढली आणि माझंच अक्षर माझ्यापुढं धरलं.

"प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला, असं तुम्हीच लिहिलंय ना, गुरुजी?"

मी विनवण्या केल्या. शेवटी तर हात जोडले. ते म्हणाले, निकाल लागल्यावर काही करता येत नाही. परतीच्या गाडीत बावधनचा चढ लागला तेव्हा मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं तोंड दुसरीकडं वळवलं.

उतरलो तो तसाच मामांच्या घरी गेलो. ते ओसरीवर दोरीचा गुंता सोडवत बसले होते. काही झालं नाही, हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी उगाच विचारलं, "मामा, औंदा भरे गावात चौकोन कापले, त्यांची वजनं काय आली होती?"

"पाच खाचरं व्हती. चार शेर, पाच, पाच, सा, आन् एक पंदरा."

"सगळ्यांना सारखं वाटलं असतं तर एकेकाला किती?"

त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. पुरतं मिनिटही लागलं नाही.

"सात शेर. पन सात शेर हितं कुटल्याच खाचरात न्हाई घावलं, गुरुजी. त्यो पंदरावाला वड्याकडंचा हाय, त्यो एकटा समद्यास्नी वर वढतोय. खरं इचाराल तर भऱ्याचं पीक पाचच धरा."

सरासरी तर आलीच होती. एकच मोठा आकडा सरासरी कशी फुगवतो आणि अशा वेळी मधला आकडा का धरायचा, हे तिच्यापुढचे दोन धडे मला कॉलेजात दोनदा वाचूनही धड उमगले नव्हते, तेही या माणसानं दोरी सोडवता सोडवता सांगून टाकले होते.

"मामा," मी म्हणालो, "पुस्तकात हेच होतं."

त्यांचे हात थांबले.

"ह्येच व्हतं?"

"हेच."

त्यांनी दोरी मांडीवर ठेवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मंग त्या दिवशी तुमी मला ह्ये का न्हाई इचारलं?"

दुसऱ्या दिवशी त्यांना दोरी आणि खुंट्या कचेरीत जमा करायच्या होत्या. ते पुन्हा खाली वाकून गुंता सोडवू लागले.